‘अनारकली’ : शोकांतिका नेमकी कोणाची?

उर्दू नाटक शिकणाऱ्याला एक प्रश्न हमखास भेटतो. इम्तियाज अली ‘ताज’ यांनी १९२२ मध्ये लिहिलेल्या ‘अनारकली’चा खरा नायक कोण? सलीम, अनारकली की अकबर? वर्गात बहुतेक मते अनारकलीला पडतात. नाटकाला नाव तिचे, भिंतीत चिणली जाते तीही तीच.

आमच्या दिंडोशीच्या आसपास सिनेमावाल्यांनी या वादात दोन्ही बाजूंनी कौल दिला आहे. गोरेगावच्या फिल्मिस्तानने १९५३ मध्ये ‘अनारकली’ काढला, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचे. तो चित्रपट सर्वस्वी तिचा. के. आसिफ यांनी अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहल उभारला आणि १९६० मध्ये आलेल्या त्यांच्या चित्रपटाचे नाव होते ‘मुघल-ए-आझम’. पण शेवटी आसिफ यांनाच बादशहाची दया आली. त्यांचा अकबर वचनाखातर अनारकलीला भुयारातून गुपचूप जाऊ देतो. माझ्या मते शोकांतिका तिथेच पातळ झाली.

ताज यांचा अकबर अशी सवलत मागत नाही. ‘इश्क’, ‘रक्स’ आणि ‘मौत’ असे नाटकाचे तीन भाग आहेत. जशनाच्या रात्री मत्सराने पेटलेली दिलाराम आरशातून बादशहाला सलीम-अनारकलीचे इशारे दाखवते आणि तिथून सारे घसरत जाते. सलीम तडफडतो, संतापतो, पण त्याच्या हाती काही नाही. अनारकली तर कनीज, तिला निवड करण्याची मुभाच नाही. निवड एकट्या अकबरापुढे आहे : सल्तनत की लेकराचे मन? तो सल्तनत निवडतो आणि शेवटी मुलाच्या तोंडून बाप म्हणवून घेण्यासाठी आसुसतो. म्हणून नायक अकबर, असे मी म्हणतो. भिंत बांधवणाऱ्यालाच नायक कसे म्हणायचे, ही मुलींची हरकत रास्त आहे. पण नायक म्हटल्याने त्याचा गुन्हा माफ होत नाही. उलट, सारा हिशेब त्याच्याच नावावर येतो.

आता इतिहास. ‘अकबरनामा’त अनारकली नाही, जहांगीरच्या ‘तुझुक’मध्येही नाही. आपले नाटक रिवायतीवर उभे आहे, हे ताज यांनी स्वतःच सांगितले होते. नाटक घडते लाहोरच्या किल्ल्यात, १५९९ मध्ये. प्रत्यक्षात अकबराने १५९८ मध्येच लाहोर सोडले होते, आणि १५९९ च्या मे महिन्यात त्याचा मुलगा मुराद आपल्या मराठवाड्यात, पूर्णाकाठच्या छावणीत दारूपायी मेला. त्याला परत न्यायला अबुल फजल आले होते. पुढच्याच वर्षी सलीमने बंडाचा झेंडा उभारला आणि अलाहाबादेत स्वतंत्र दरबार मांडला. १६०२ मध्ये दख्खनहून आग्र्याला निघालेल्या अबुल फजल यांना त्याने वाटेत मारवले. १६०५ मध्ये दानियालही बुऱ्हाणपुरात दारूनेच गेला.

त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबर वारला तेव्हा तीन शहजाद्यांपैकी एकच उरला होता, बंडखोर. तो जहांगीर म्हणून तख्तावर बसला. १६०६ च्या एप्रिलमध्ये त्याचा मुलगा खुसरो बंड करून लाहोरकडे निघाला. जहांगीरने त्याला पकडले आणि पुढे त्याचे डोळे फोडवले.