कौंडण्यपूरचा रथ आणि वऱ्हाडची बंडी



गावात नवी गाडी आली की तिच्याभोवती माणसे जमतात. कोणी चाक दाबून पाहतो, कोणी किंमत विचारतो, आणि ज्याला ती घ्यायचीच नसते तो सर्वांत जास्त दोष काढतो. हा प्रकार काही आजचा नव्हे. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आपले कौंडण्यपूर आहे. पुराणातले कुंडिनपूर, विदर्भाची जुनी राजधानी, ते हेच असे आपण मानतो. रुक्मिणीचे माहेर म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण वाहनाची परीक्षा कशी करावी याचीही एक कथा त्याच गावाच्या नावावर जमा आहे. आज तिथूनच सुरुवात करू.

महाभारतात नलदमयंतीचे आख्यान येते. राज्य हरवलेला नळ राजा रूप पालटून, बाहुक नावाने, अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी झाला होता. इकडे कुंडिनपुरात दमयंतीने त्याला शोधून काढण्याची युक्ती केली. उद्याच आपले दुसरे स्वयंवर आहे, असा निरोप तिने अयोध्येला धाडला. शंभर योजनांची वाट आणि हाताशी एकच दिवस! ऋतुपर्णाने बाहुकाला घोडे जुंपायला सांगितले. बाहुकाने तबेल्यातून घोडे निवडले ते हडकुळे. राजा चिडला. असली मरतुकडी जनावरे एवढी मजल मारतील काय, असे त्याने विचारले. बाहुक शांतपणे घोड्यांची लक्षणे सांगू लागला. नाकपुड्या रुंद आहेत, जबडे मोठे आहेत, अंगावर दहा भोवरे आहेत, सिंधुदेशची पैदास आहे. इतके सांगून वर म्हणाला की तुम्हाला दुसरे पसंत असतील तर सांगा, ते जुंपतो. राजाने निवड त्याच्यावरच सोपविली. पुढे वाटेत राजाचे उपरणे उडाले. ते आणायला रथ थांबवा म्हणेपर्यंत उपरणे एक योजन मागे पडले होते!

मंडळी, भोवरे पाहून जनावर घेण्याची ही रीत तुम्हाला मी सांगावी असे नाही. बैलबाजारात आजही जाणता माणूस आधी कपाळावरचा आणि पाठीवरचा भोवरा पाहतो, मग दात पाहतो, आणि मग चार पावले चालवून पाहतो. भोवऱ्याने बैल चांगला निघतो की नाही यावर वाद घालता येईल. माझे मत विचाराल तर चालवून पाहणे हेच खरे. पण त्या कथेतली मुख्य गोष्ट वेगळी आहे. राजाने डौल पाहिला आणि सारथ्याने काम पाहिले.

कथेचा शेवट तर आणखी बहारीचा. संध्याकाळी रथ कुंडिनपुरात शिरला, त्याचा घरघराट मेघगर्जनेसारखा उठला, आणि नुसत्या आवाजावरून दमयंतीने ओळखले की हा हात नळाचा आहे. नळाचे जुने घोडे तिथे बांधलेले होते, त्यांनीही कान टवकारले. आजही आपल्या घरची बंडी वेशीतून आली की घरातली बाई आवाजावरून ओळखते. तुंब्यात वंगण आहे की नाही, धाव सैल झाली की काय, हे सारे चाक स्वतःच बोलून दाखविते.

आता ही झाली कथा. पण घोडा आणि लोखंड ही दोन्ही विदर्भात फार जुन्या काळापासून होती, याला जमिनीतला पुरावा आहे. नागपूरजवळच्या माहुरझरी येथे शिळावर्तुळांच्या दफनांत घोड्यांचे अवशेष आणि त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने सापडले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. हे अवशेष अडीच हजार वर्षांहून जुने आहेत. खुद्द कौंडण्यपूरच्या टेकाडांचे उत्खनन डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केले आणि त्याचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध झाला. रुक्मिणीचा रथ जमिनीतून निघालेला नाही. तो निघावा अशी अपेक्षाही करू नये. पण जिथे लोखंड गळत होते आणि घोडा सजविला जात होता, तिथल्या लोकांना वाहनाची पारख नसेल असे कोण म्हणेल?

मधली शतके ओलांडून आपण थेट कापसावर येऊ, कारण वऱ्हाडात वाहनाची गोष्ट म्हणजे कापसाची गोष्ट. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथला कापूस बंड्यांतूनच बाहेर जात असेल असे आपल्याला वाटते. ते बरोबर नाही. त्याआधी तो बैलांच्या पाठीवरून जात असे. बंजाऱ्यांचे तांडे गोणी लादून निघत, ते आठशे किलोमीटरहून लांब मिर्झापूरला पोहोचत, आणि तिथून गंगेतल्या नावांवर माल कलकत्त्याला जाई. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैल भरून कापूस या वाटेने पाठविला, असे जुन्या गॅझेटियरांत सांगितले आहे.

शाळेतली मुले इथे हमखास विचारतील, की चाक ठाऊक असताना पाठीवर ओझे का? गुरुजी, या प्रश्नाला उत्तर द्यायला वर्गाबाहेरची काळी जमीन दाखवा. पावसाळ्यात या जमिनीत बंडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते. नाल्यावर पूल नाही, उतार तुटलेला, आणि शंभर बंड्या एकामागे एक गेल्या की चाकोरी गुडघाभर खोल होते. लादलेला बैल मात्र नाल्यात उतरून पलीकडे चढतो, वाटेत चरतो, आणि एक बैल लंगडला तर त्याचे ओझे चार बैलांवर वाटता येते. म्हणजे ते लोक मागासलेले म्हणून पाठीवर ओझे वाहत नव्हते. त्या वाटेवर पाठच चाकापेक्षा सरस होती. मात्र त्यात नुकसानही होतेच. धूळ बसे, पाऊस गाठी, आणि कापूस मिर्झापूरला पोहोचेपर्यंत त्याचा रंग आणि वजन दोन्ही बदललेले असत.

पुढे सडका झाल्या आणि बंडीला दिवस आले. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जी. आय. पी. रेल्वेचे रूळ १८६७ साली नागपुरास पोहोचले. बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव ही नावे तेव्हापासून कापसाच्या हिशेबात आली. १८७० साली खामगावचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाला. यावरून विलायतेला आपल्या गठाणीची केवढी गरज होती ते दिसते.

आगगाडीबद्दल तेव्हा शेतकऱ्याने काय मत दिले असेल? तिचा वेग त्याला आवडला असणारच. मिर्झापूरचे महिने संपले. पण एक गोष्ट त्याच्या हातून निसटली. बंडीचा माल त्याच्या ताब्यात असे. एका बाजारात भाव पडला तर बैल पुढच्या बाजाराकडे वळविता येत. रुळावरचा डबा वळत नाही. भाव तारेने येऊ लागला, आणि तो मुंबई-लिव्हरपूलला ठरू लागला. युद्ध संपताच भाव कोसळला तेव्हा वेगवान गाडी असूनही शेतकरी कर्जात बुडाला. मात्र १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत याच रुळांवरून धान्यही आले, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. एका वाहनाने एकच काम केले असे इतिहासात सहसा घडत नाही.

कौंडण्यपूरच्या नदीपलीकडे आर्वी. तिथे पुलगावहून अरुंद मापाची छोटी गाडी १९१७ साली आली. आपल्या बाजूला मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूर आणि दुसरीकडे यवतमाळ, अशी तिची बहीण शकुंतला. या गाड्या किलिक निक्सन या विलायती कंपनीच्या कारभारातल्या, कापूस मोठ्या लाइनीवर नेण्यासाठी घातलेल्या. शकुंतलेचे मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. त्र्याहत्तर वर्षे! आजची कोणती गाडी एवढी टिकेल? तिचा वेग इतका बेताचा की चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येई, असे लोक थट्टेने म्हणत. पण गरीब माणसाला तिचे तिकीट परवडत असे, आणि ती बंद पडल्यावर थट्टा करणाऱ्यांनीच ती पुन्हा सुरू करा म्हणून मागणी केली.

आर्वीचे नाव निघाले म्हणून सांगतो, त्या भागातली गवळाऊ जात ही हलक्या गाडीसाठी नामांकित. पांढरी, सडपातळ, चालीला तेज. रेंगीला किंवा दमणीला गवळाऊची जोडी जुंपली म्हणजे पाहुणा दारात उतरण्याआधी त्याची ऐट उतरते! जड ओझ्याला मात्र ती जोडी नव्हे. म्हणजे पुन्हा बाहुकाचाच प्रश्न आला. जनावर चांगले की वाईट, हे कामावाचून सांगता येत नाही. हौसेचे म्हणाल तर तळेगाव दशासरचा शंकरपट पाहा. बैलांच्या शर्यती २०१४ साली न्यायालयाने बंद केल्या होत्या. कायदा बदलला, २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली, २०२३ साली घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि पुन्हा माणसे लोटू लागली.

आता ज्या वाहनावर पारावर सर्वांत जास्त भांडणे झाली ते पाहू. ते म्हणजे रबरी टायरची बंडी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती गावोगाव दिसू लागली. कोणी तिला डनलॉप म्हणत, मग टायर कोणत्याही कंपनीचे असो. तिच्या बाजूने बोलणारे म्हणत की त्याच जोडीने जवळजवळ दुप्पट माल ओढला जातो. पक्क्या सडकेवर ते खरे होते. लोखंडी धाव सडक कापते, टायर कापत नाही, म्हणून बांधकाम खातेही खूश. विरोध करणारे म्हणत, "काटा लागला त काय करशीन बाप्पा?" हा प्रश्न साधा नव्हता. लाकडी चाकाचा आरा मोडला तर गावचा सुतार बसवितो. धाव सैल झाली तर लोहार ती तापवून चढवितो, वर पाणी ओततो, आणि ती आवळून बसते. मजुरी धान्यात दिली तरी चालते. टायर फाटले तर तालुक्याला जावे लागते, आणि तिथे रोख पैसे लागतात. ज्याच्या हाती रोकड वर्षातून एकदाच येते, त्याला हा फरक चाकाच्या गुळगुळीतपणापेक्षा मोठा वाटला तर नवल नाही.

तिसरी गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी कमी बोलली. टायरची बंडी उतारावर बैलांच्या अंगावर धावून येते. तिला बहुधा ब्रेक नसतो, सारा भार बैल मानेने थोपवितो. आणि दुप्पट माल ओढता येतो म्हटल्यावर तिप्पट भरणारेही निघतात. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांनी चाकाइतकेच जुवाकडे लक्ष वेधले. बैलाची मान सोलणारे जू जसेच्या तसे ठेवून नुसती चाके बदलली तर सुधारणा अर्धीच राहते. जुने धुरकरी हेच आपल्या भाषेत सांगत: "चाक नको पाहू, बैलाची मान पाय."

बैल आणि मोटार यांची सोयरीकही आपल्याच बाजूला जुळली होती. वर्ध्याला जमनालालजी बजाज यांच्याकडची फोर्ड मोटार गांधीजींसाठी बैल जुंपून चालविली गेली आणि गांधीजींनी तिला विनोदाने 'ऑक्सफर्ड' म्हटले, असे सांगतात. त्याच बजाज घराण्याच्या वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या नावाने १९४५ साली एक व्यापारी कंपनी निघाली. ती आधी बाहेरच्या स्कूटरी आणून विकू लागली आणि पुढे स्वतःच त्या बनवू लागली. १९७२ साली चेतक आली. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहत. त्या स्कूटरचे दोष साऱ्यांना पाठ होते. सकाळी सुरू होत नसली की ती आडवी कलवायची, मग किक मारायची. तरीही ती घेतली जाई, कारण नवराबायको, पुढे उभे पोर, मागे स्टेपनी आणि पायाजवळ भाजीची पिशवी, एवढा संसार तिच्यावर मावत असे, आणि तिला खोलणारा मिस्त्री प्रत्येक बाजारगावात असे. आज चेतक हेच नाव घेऊन विजेवरची स्कूटर आली आहे. तिच्याभोवती जमलेल्या माणसांचे प्रश्न ऐका. गावात वीज किती तास असते? बॅटरी गेली तर किती पैसे पडतील? दुरुस्त कोण करील? हे टायरच्या बंडीचेच प्रश्न आहेत.

सायकलबद्दल फार सांगायला नको. तिने मास्तरांना शाळेत आणि मुलींना हायस्कुलात नेले, आणि तिच्यासाठी कोणी शेत गहाण टाकले नाही. ट्रॅक्टरचे तसे नाही. १९६३ पासून महिंद्र कंपनी ट्रॅक्टरच्या धंद्यात आली, पुढे तिचा कारखाना नागपुरातही झाला, आणि यंत्र दाराशी आले. वखरणी वेळेवर होते, बैलाचा वर्षभराचा चारा वाचतो, हे खरेच. पण पाच एकरांच्या कोरडवाहू शेतात स्वतःचा ट्रॅक्टर वर्षातून किती दिवस चालतो, हा हिशेब घेणाऱ्याने कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी मांडावा. चार जणांनी मिळून घेतला किंवा तासावर भाड्याने आणला तर तोच आकडा निराळा दिसतो. विकणाऱ्याच्या पत्रकात अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत छापलेली असते, व्याज बारीक अक्षरांत.

गुरुजनहो, एक काम तुमच्याकडे देतो. बैलजोड्या कमी होत चालल्या आहेत आणि लाकडी बंडी बांधणारा सुतार आता क्वचितच भेटतो. मुलांना एखाद्या जुन्या बंडीजवळ न्या. धुरा, जू, शिवळा, तुंबा, आरे, पुठ्ठे, धाव अशी एकेका भागाची नावे गावातल्या म्हाताऱ्यांकडून विचारून लिहून घ्यायला सांगा. चाकाचा व्यास मोजू द्या, एका चाकाला किती आरे ते मोजू द्या, कोणता भाग बाभळीचा आणि कोणता सागाचा ते विचारू द्या. नंतर तीच मुले गावातल्या नव्या गाडीपाशी उभी राहोत आणि तिच्या मालकाला तेवढ्याच बारकाईने प्रश्न विचारोत.