सिकंदराबादचे मैदान आणि आपला फुटबॉल

गोव्यात फुटबॉल कुठून आला असे विचारले की शिवोलीचे नाव निघते. १८८३ मध्ये फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे पाद्री प्रकृतीसाठी हवापालट म्हणून तिथे आले आणि त्यांनी पोरांना चेंडू दिला, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. पुढे चर्चचे पटांगण, शेतातले कापणीनंतरचे मळे, गावागावांतल्या चुरशी, मग खाणमालकांचे क्लब. हा झाला आपला इतिहास. पण त्यात एक धागा आहे ज्याकडे आपण फारसे पाहत नाही. तो जातो थेट दख्खनच्या पठारावर, हुसेनसागर तलावाच्या पलीकडे, सिकंदराबादला.

हैदराबाद म्हटले की आपल्याला चारमिनार, बिर्याणी, मोती आणि आता संगणकाच्या कंपन्या आठवतात. सिकंदराबाद हे त्याचे जुळे शहर, पण वळण अगदी वेगळे. निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि त्या फौजेसाठी १८०६ मध्ये ही छावणी वसली. तिसरा निजाम सिकंदर जाह, त्याच्या नावावरून सिकंदराबाद. तिरुमलगिरी, बोलारम, मारेडपल्ली, लालागुडा ही सगळी नावे पलटणी, बराकी आणि पुढे रेल्वे यांच्याभोवती वाढली. पलटणीबरोबर तमिळ मुदलियार आले, तेलुगू कामगार आले, अँग्लो-इंडियन आले, काही मराठी घरेही आली. बाजारात सगळ्यांची मिळून दख्खनी उर्दू.

आणि पलटणीबरोबर आली मैदाने. परेड ग्राऊंड, जिमखाना ग्राऊंड. साहेबांच्या खेळांची उतरंड असे: वरच्या अधिकाऱ्यांना पोलो, त्याखाली क्रिकेट, आणि साध्या सोल्जरला फुटबॉल. पोलोला घोडा लागतो, क्रिकेटला पांढरे कपडे आणि फुरसत. फुटबॉलला एक चेंडू पुरतो, आणि समोर कोणीतरी खेळणारे हवे असतात. देशातल्या जुन्या स्पर्धा बघा. सिमल्याची ड्युरंड १८८८ची, मुंबईची रोव्हर्स १८९१ची. दोन्ही सुरुवातीला लष्करी संघांसाठीच होत्या. छावणीच्या कडेला राहणारी पोरे हा खेळ कुंपणापलीकडून पाहत आणि संध्याकाळी आपापल्या गल्लीत अनवाणी खेळत. आपल्याकडे पाद्र्याने चेंडू दिला, तिकडे पलटणीने.

पण नुसता चेंडू मिळून भागत नाही. इथे सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव घ्यावेच लागते. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यामुळे आता पुष्कळांना ते ठाऊक आहेत. १९०९ साली हैदराबादेत जन्मलेले रहीम पेशाने शाळामास्तर. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे चिटणीस होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या स्पर्धा मोठ्या गमतीदार असत. एक स्पर्धा अशी की ज्यात चेंडू पायात घोळवायचाच नाही, आला की लगेच पुढे द्यायचा. दुसरी अशी की फक्त कमजोर पायानेच मारायचे. उंचीची मर्यादा घातलेल्या मुलांच्या स्पर्धा वेगळ्या. मास्तरकीची सवय म्हणतात ती हीच! विद्यार्थ्याचे कच्चे काय आहे ते ओळखून नेमका त्याचाच अभ्यास द्यायचा.

फळ काय मिळाले? हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. १९५० मध्ये ड्युरंडही आणला, अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवून. तेव्हा मुंबईच्या धोबीतलावच्या कुडींतून राहणारे आपले किती गोंयकार कूपरेजवर जाऊन हे पोलीस बघून आले असतील, कोण जाणे. संतोष ट्रॉफीत हैदराबादने १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी ओळीने दोनदा बाजी मारली, दोन्ही वेळा समोर मुंबई.

आता या संघाच्या नावातला 'पोलीस' हा शब्द जरा नीट पाहा. मी सरकारी नोकर असल्यामुळे माझी नजर तिकडे आधी जाते. चांगला खेळतो म्हणून गरिबाच्या पोराला पोलिसात घ्यायचे, त्याला महिन्याचा पगार, गणवेश, पेन्शन. आज आपण त्याला क्रीडा कोटा म्हणतो आणि त्यावर नाके मुरडतो. पण त्या काळच्या हैदराबादी फुटबॉलचे सगळे वैभव या साध्या व्यवस्थेवर उभे होते. मैदान लष्कराचे, भाकरी पोलिसांची, अक्कल एका मास्तरची.

या व्यवस्थेतून वर आलेल्या पोरांपैकी मला सर्वात जवळचा वाटतो तो तुलसीदास बलराम. जन्म १९३६, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावात, गरीब तमिळ घरात. बूट घ्यायला पैसे नाहीत, म्हणून पोलिसाचे जुने टाकाऊ बूट मिळवून ते चांभाराकडून दोन रुपयांत फुटबॉलच्या बुटांसारखे करून घेतले, ही आठवण बलराम म्हातारपणीही सांगत. रहीम यांनी त्याला खेळताना हेरले आणि सरावाला हैदराबादेत बोलावले. अम्मुगुड्याहून रोज यायचे कसे? तर भाड्याच्या सायकलीसाठी रहीम यांनी रोजचा एक रुपया स्वतः द्यायला सुरुवात केली.

त्या एका रुपयाचा हिशेब पुढे कसा फिटला ते बघा. १९५६ मध्ये बलराम मेलबर्न ऑलिंपिकला गेला. त्या संघात झुल्फिकार, अझीझ, नूर महंमद, अहमद हुसेन असे हैदराबादी पुष्कळ, आणि प्रशिक्षक अर्थातच रहीम. चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे धुतले होते, अर्धी टीम त्या थंडीत अनवाणी खेळत होती. मेलबर्नला मात्र भारत उपांत्य फेरीत पोचला, आणि तिथे पोचणारा आशियातला तो पहिला देश. ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवताना तीन गोल एकट्याने मारले ते नेव्हिल डिसोझाने. नेव्हिल मूळचा आपल्या आसगावचा, खेळायचा मुंबईला टाटांकडून. म्हणजे रहीम यांच्या पाटीवर पहिला मोठा धडा गिरवला तो गोव्याच्या पायांनी. १९६० मध्ये रोमला बलरामने हंगेरीविरुद्ध गोल केला, पेरूविरुद्धही केला. आपण दोन्ही सामने हरलो ते वेगळे.

मग १९६२, जाकार्ता. आशियाई खेळांत भारताने साखळीत थायलंडला ४-१ ने हरवले, जपानला २-० ने. जपानविरुद्धचा एक गोल बलरामचा. कोरियाशी मात्र आधी हार पत्करली. अंतिम सामना ४ सप्टेंबरला, समोर पुन्हा कोरिया. इस्रायल आणि तैवानला वगळण्यावरून भारतीय पदाधिकारी जी. डी. सोंधी यांनी हरकत घेतल्यामुळे सबंध जाकार्ता चिडलेले, लाखभर प्रेक्षक आपल्याविरुद्ध ओरडताहेत. गोलात सिकंदराबादच्या मॉर्निंग स्टार आणि फ्रेंड्स युनियन या छोट्या क्लबांतून वर आलेला पीटर थंगराज. पुढे डोक्याला टाके घातलेला जर्नैलसिंग, जो खरा बचावपटू, पण रहीम यांनी त्याला आक्रमणात लावला. आणि मधल्या फळीत कोलवाळचा फोर्तुनातो फ्रांको. पी. के. बॅनर्जीने पहिला गोल केला, जर्नैलने दुसरा. २-१, सुवर्णपदक.

तारखा जुळवून पाहिल्या की गंमत वाटते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, आणि नऊ महिन्यांच्या आत कोलवाळचा एक मुलगा भारताचा सुवर्णपदक विजेता झाला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट असायला हवी होती असे मला वाटते. असो.

रहीम तेव्हाच कर्करोगाने पोखरले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. त्याच सुमारास छातीच्या आजारामुळे बलरामचाही खेळ संपला, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी. दिवा विझल्यावर वात थोडा वेळ लाल राहते, तसे हैदराबादचे पुढे काही वर्षे चालले. १९६५-६६ मध्ये आंध्रने संतोष ट्रॉफी जिंकली. आणि शेवटचे दोन मोठे क्षण दोन्ही बँकॉकला आले, हा एक योगायोगच. १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत भारताने जपानला हरवून ब्राँझ मिळवले, कर्णधार हैदराबाद पोलिसांतून पुढे आलेला सय्यद नईमुद्दीन. १९७४ मध्ये त्याच बँकॉकला युवकांच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण संयुक्त विजेते ठरले, आणि कर्णधार होता हैदराबादचाच शब्बीर अली.

हा शब्बीर अली लक्षात ठेवा. १९९८-९९ मध्ये साळगावकर क्लबने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, गोव्यातल्या क्लबाचे ते पहिलेच राष्ट्रीय लीग विजेतेपद. तेव्हा साळगावकरचा प्रशिक्षक होता शब्बीर अली. रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांनीही एका काळात साळगावकरला शिकवले. आपण वास्को-मडगावच्या चर्चा करताना हे विसरतो. पाटी पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपली, पण तिच्यावरची काही अक्षरे हैदराबादच्या मास्तरांनी काढलेली आहेत.

मग हैदराबादचे काय झाले? लोक म्हणतात क्रिकेटने खाल्ले. मला हे अर्धेच पटते. चांगले खेळाडू कोलकात्याचे क्लब उचलून नेत होते, पण ते तर पन्नासच्या दशकातही नेत होते. बलराम स्वतः १९५७ पासून ईस्ट बंगालचा. फरक असा पडला की मागून येणाऱ्या पोरांना ना रोजचा रुपया देणारा मास्तर राहिला, ना पूर्वीसारखी खेळासाठी नोकरी. आपल्याकडे हे वेगळ्या रूपात घडले. खाणींच्या पैशावर आपले क्लब जगले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. त्याला महासंघाच्या धोरणाचा रागही कारण होता, हे खरे. धेंपो पुढे परतला, पण पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेला क्लब दुसऱ्या फळीत खेळताना पाहून पोटात कालवतेच.

ज्यांना वाटते सिकंदराबादची माती आटली, त्यांनी रेल्वेकडे पाहावे. तिथे रेल्वेची सिग्नल आणि दूरसंचार अभियांत्रिकीची प्रशिक्षण संस्था आहे. तिच्या बॅडमिंटन कोर्टावर मेहबूब अली यांच्याकडे एका मुलीने पहिले धडे घेतले, ती पी. व्ही. सिंधू. आईवडील दोघे व्हॉलीबॉलपटू, वडील रेल्वेत. म्हणजे पुन्हा तेच, सरकारी मैदान आणि खेळाची नोकरी.

२०१३ च्या जागतिक स्पर्धेत सिंधूला उपांत्य फेरीत हरवले ते थायलंडच्या रत्चानोक इंतानोनने, आणि ती पुढे अठराव्या वर्षी जगज्जेती झाली. तिची कहाणी बलरामला आवडली असती. तिचे आईवडील बँकॉकच्या एका मिठाई कारखान्यात मजूर. कारखान्याच्या मालकिणीने बांधलेल्या कोर्टावर कामगारांची मुले खेळत, त्यातली ती एक. तो कारखाना 'थोंग योत' ही अंड्याच्या बलकाची सोनेरी गोड बुंदी करतो. हा पदार्थ सतराव्या शतकात अयुथ्येच्या दरबारात नेला तो मारिया गियोमार द पिन्या या बाईने, असे थायलंडात मानतात, आणि तिच्या वडिलांचे मूळ गोव्याशी जोडले जाते. पोर्तुगीज अंड्याच्या मिठाया आपल्याला काही नवीन नाहीत, हे वाचून तोंडाला पाणी सुटले तर दोष माझा नाही!

हैदराबादला पुन्हा फुटबॉल आला तो २०१९ मध्ये, हैदराबाद एफसी या व्यावसायिक क्लबाच्या रूपाने. २० मार्च २०२२ रोजी आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर त्यांनी केरळ ब्लास्टर्सला हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. केरळने आधी गोल केला होता. ८८व्या मिनिटाला बरोबरी साधली ती साहिल तावोराने, आणि पेनल्टीत तीन फटके अडवले लक्ष्मीकांत कट्टीमणीने. दोघेही गोव्याचे. त्या रात्री पंच्याऐंशी वर्षांचे बलराम पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला राहत होते. पद्म पुरस्कार त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते गेले. फोर्तुनातो फ्रांको दोन वर्षे आधीच, मे २०२१ मध्ये गेले होते. आणि हैदराबादचा तो क्लब २०२५ मध्ये नाव बदलून दिल्लीला गेला.