सवलतीकडून हक्काकडे : कॉर्नेलिया सोराबजी आणि वकिलीच्या सनदेचा इतिहास

प्रस्तावना

कायद्याचे शिक्षण, कायद्याचे संशोधन आणि वकिलीचा व्यवसाय ही एकाच मार्गावरील तीन स्थानके आहेत असा सर्वसाधारण समज आढळतो. प्रत्यक्षात या तिन्हींची दारे वेगवेगळ्या अधिकारसंस्थांच्या हाती राहिली आहेत. पदवी विद्यापीठ देते, ग्रंथालयात प्रवेश तेथील चालक देतात आणि सनद त्या त्या काळच्या कायद्यानुसार मिळते. एक दार उघडले म्हणजे दुसरे आपोआप उघडते असे नाही. नाशिक येथे १५ नोव्हेंबर १८६६ रोजी जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. व्यक्तिगत सवलत आणि कायदेशीर हक्क यांतील भेद त्यांच्या उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिक्षण आणि संशोधनाची संधी

कॉर्नेलिया यांचे वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले धर्मोपदेशक होते, तर आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढून शिक्षणाचे कार्य केले. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये शिकल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर म्हणून त्यांची नोंद केली जाते. पदवी परीक्षेतील यशामुळे इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीस त्या पात्र ठरत होत्या. परंतु केवळ स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. तेव्हा मेरी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने इंग्लंडमध्ये निधी उभा राहिला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही त्यास साहाय्य होते. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरविल महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

ऑल सोल्स महाविद्यालयाचे तेव्हाचे कॉड्रिंग्टन ग्रंथालय कायद्याच्या ग्रंथसंग्रहासाठी प्रसिद्ध होते. महाविद्यालयाचे प्रमुख सर विल्यम अ‍ॅन्सन यांनी १८९० मध्ये कॉर्नेलिया यांना तेथे वाचक म्हणून प्रवेश दिला. पुढे १८९२ मध्ये विद्यापीठाच्या सभेने खास ठराव केल्यामुळे त्यांना पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बी.सी.एल. परीक्षेस बसता आले. त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्या, मात्र पदवी त्यांना मिळाली नाही. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० मध्ये प्रारंभ केला आणि कॉर्नेलिया यांना ती १९२२ मध्ये, म्हणजे परीक्षेनंतर तीस वर्षांनी प्राप्त झाली.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. ग्रंथालयाचे दार एका व्यक्तीच्या औदार्याने उघडले, तर परीक्षेचे दार एका ठरावाने. दोन्ही निर्णय कॉर्नेलिया यांच्यापुरते होते. नियम मात्र जिथल्या तिथे राहिला.

सनदेची प्रतीक्षा

मायदेशी परतल्यावर त्यांनी काठेवाड व इंदूर येथील ब्रिटिश एजंटांपुढे पडदानशीन स्त्रियांच्या वतीने कैफियती मांडण्याची खास परवानगी मिळवली. परपुरुषासमोर येऊ न शकणाऱ्या या स्त्रिया बऱ्याच मालमत्तेच्या धनी असल्या तरी वकिलाशी प्रत्यक्ष बोलणे त्यांना अशक्य होते. त्यामुळे त्यांची मिळकत कारभाऱ्यांच्या व नातलगांच्या मर्जीवर राही. ही गरज ओळखूनही कॉर्नेलिया यांना न्यायालयात उभे राहता येत नव्हते. त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एल्‌एल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. तरीही त्यांची नोंदणी झाली नाही. अखेरीस १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढील सुमारे दोन दशकांत त्यांनी शेकडो स्त्रिया व अनाथ मुले यांच्या प्रकरणांत मदत केली. हे काम कायद्याचेच होते. फक्त ते सनदेविना करावे लागले.

'पुरुषवाचक' शब्दाचा अर्थ

या सुमारास सनदेचा प्रश्न १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टभोवती फिरत होता. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयापुढे आला. पुरुषवाचक शब्दांत स्त्रियांचाही अंतर्भाव होतो, असा कायद्यांच्या अर्थनिर्णयाचा सर्वसाधारण नियम होता. तथापि संदर्भ विरुद्ध असल्यास तो लागू होत नाही, असे म्हणून न्यायालयाने अर्ज फेटाळला. त्यानंतर पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांनाही नकार दिला. याउलट अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट १९२१ मध्ये कॉर्नेलिया सोराबजी यांची वकील म्हणून नोंदणी केली. देशात कायदा एकच आणि अर्जदारांची पात्रता तुल्य असतानाही निर्णय न्यायालयागणिक भिन्न होत होता.

ही विसंगती १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अ‍ॅक्टने दूर केली. केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून कोणासही वकिलीसाठी अपात्र ठरवता येणार नाही, असे या कायद्याने स्पष्ट केले. त्याच वर्षी लंडनच्या लिंकन्स इनकडून कॉर्नेलिया बॅरिस्टर झाल्या आणि १९२४ पासून त्यांनी कलकत्ता येथे वकिली केली. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या पुढे होते. पुढे त्या इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्या आणि १९५४ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

आजचा संदर्भ

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकील, प्लीडर आदी जुने भेद संपवून अधिवक्त्यांचा एकच वर्ग निर्माण केला. कलम २४ मध्ये नागरिकत्व, किमान २१ वर्षे वय, विधी पदवी आणि शुल्क या अटी आहेत. त्यामुळे पदवीचे प्रमाणपत्र, गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा आणि आवश्यक ती प्रतिज्ञापत्रे जोडून महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करणे हा नाशिकच्या विद्यार्थ्याचाही मार्ग आहे. अखिल भारतीय बार परीक्षाही द्यावी लागते.

मात्र लिखित नियम असूनही तो पाळला जातोच असे नाही. कलम २४ मध्ये शुल्क एकूण ७५० रुपये, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात अनेक राज्य परिषदा विविध नावांनी त्याहून कितीतरी अधिक रक्कम आकारत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी बेकायदेशीर ठरवली. अर्जदारापुढील अडथळा लिंगाचा असो वा पैशाचा, तो दूर होण्यास कायद्याचा स्पष्ट शब्द आणि त्या शब्दाचे वाचन करणारा अर्जदार, दोन्हींची गरज असते, असे यावरून म्हणता येईल.

समारोप

कॉर्नेलिया सोराबजी यांना मिळालेल्या सवलतींमुळे त्यांचा स्वतःचा अभ्यास शक्य झाला. परंतु त्या सवलतींनी रेजिना गुहा किंवा सुधांशुबाला हाजरा यांचा मार्ग मोकळा केला नाही. तो १९२३ च्या कायद्याने मोकळा झाला. विधी महाविद्यालयांतील अध्यापकांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. एखाद्या विद्यार्थ्यास मर्जीने मिळालेला ग्रंथालयप्रवेश किंवा संशोधनाची संधी जोवर महाविद्यालयाच्या लेखी नियमात येत नाही, तोवर पुढच्या विद्यार्थ्यास तीच विनंती नव्याने करावी लागते. विद्यार्थ्यांनी सनदेचा अर्ज भरण्यापूर्वी कलम २४ मूळ शब्दांत वाचावे, तसेच कलकत्ता व पाटणा येथील निर्णयांचा तौलनिक अभ्यास लघुप्रबंधासाठी घ्यावा, यासाठी अध्यापकांनी प्रोत्साहन देणे उचित ठरेल. कॉर्नेलिया यांची कागदपत्रे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेली आहेत. त्यांच्या जन्मगावातील विद्यार्थ्यांना या विषयावर काम करण्यास पुरेसा वाव आहे.