वखारीची जागा

परदेशांत माल नेऊन विकणें आणि परदेशांत ठाणें देऊन बसणें या दोन गोष्टी वरवर पाहणारास एकाच जातीच्या वाटतात. पहिलींत व्यापारी गलबतावरून येतो, माल उतरवितो, जकात भरतो आणि वारा फिरला कीं परत जातो. दुसरींत त्याला घर लागतें, कोठार लागतें, नोकरचाकर लागतात, आणि सर्वांआधीं त्या देशाच्या धन्याची परवानगी लागते. ही परवानगी कोणत्या शब्दांत द्यावयाची आणि देतांना काय राखून ठेवावयाचें, या प्रश्नांत एखाद्या देशाचें भवितव्यही गुंतलेलें असूं शकतें. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची हकीकत आपण सर्वांनीं शाळेंत वाचलेली आहे. परंतु ती बहुधा लढायांच्या अनुरोधानें. येथें ती परवानग्यांच्या अनुरोधानें वाचून पाहावी असें आम्हांस वाटतें.

कंपनीचा जन्म ३१ डिसेंबर १६०० रोजीं लंडनांत झाला. त्या काळीं कंपनी नोंदविण्याची कचेरी नव्हती. राजाची सनद हीच नोंदणी. एलिझाबेथ राणीनें दोनशेंहून अधिक भागीदारांस पंधरा वर्षांच्या मुदतीची सनद देऊन पूर्वेकडील व्यापाराचा मक्ता त्यांच्या हवालीं केला. पण त्या सनदेचा अंमल इंग्रज प्रजेपुरताच. दुसऱ्या कोणा इंग्रजानें हा व्यापार करूं नये असें राणी फर्मावूं शकत होती. सुरतेच्या बंदरांत कोणीं उतरावें हें सांगण्याचा अधिकार मात्र तिचा नव्हता, तो मोंगल बादशहाचा होता. म्हणजे कंपनीस दोन कागद हवे होते, एक घरचा आणि एक दारचा. घरचा हातीं पडल्यावर दारचा मिळावयास बारा वर्षें लागलीं.

१६०८ सालीं विल्यम हॉकिन्स सुरतेस आला. त्याला तुर्की भाषा येत असल्यामुळें जहांगीराशीं दुभाष्यावांचून बोलतां आलें. बादशहानें खूष होऊन त्याला मनसबही दिली. पण दरबारांतील पोर्तुगीजांच्या वजनापुढें त्याचें कांहीं चाललें नाहीं आणि १६११ सालीं तो रिकाम्या हातानें आग्र्याहून निघाला. पुढें १६१२ च्या अखेरीस सुवाळीच्या समुद्रांत टॉमस बेस्टच्या जहाजांनीं पोर्तुगीज आरमाराला दाद दिली नाहीं, आणि अर्जविनंत्यांनीं जें झालें नव्हतें तें त्या तोफांनीं केलें. १६१३ च्या आरंभीं फर्मान आलें आणि सुरतेची वखार कायम झाली. त्यानंतर सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून दरबारीं तीन वर्षें राहिला. एवढें करूनही १६१८ सालीं शहाजादा खुर्रम यानें जो करार करून दिला, त्यांत सुरतेंत इंग्रजांनीं घर भाड्यानें घ्यावें, पण विकत घेऊं नये व बांधूं नये, अशीच अट होती. रोनेंही आपल्या मालकांस असाच सल्ला दिला, कीं व्यापार आणि लढाई एका ठिकाणीं नांदत नाहींत. कोट आणि फौज यांच्या नादीं लागून पोर्तुगीज बुडाले, आपण नफा शांत व्यापारांत शोधावा.

हा सल्ला फार दिवस टिकला नाहीं. १६३९ सालीं पूर्व किनाऱ्यावर दामर्ला वेंकटाप्पा नायकानें कंपनीस मद्रासची जागा दिली, आणि जागेबरोबर कोट बांधण्याची परवानगीही दिली. नायकास आपल्या मुलखांत व्यापार वाढावयास हवा होता. ती इच्छा गैर नव्हती. परंतु सुरतेच्या कागदांत जें राखून ठेवलें होतें तेंच येथें देऊन टाकलें गेलें. सुरतेंत कंपनी पुष्कळ वर्षें भाडेकरू राहिली. मद्रासेंत ती लवकरच घरमालकीण झाली.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. राजापुरास इंग्रजांची वखार होती. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा दिला तेव्हां वखारवाल्या इंग्रजांनीं त्यास दारूगोळा पुरविला, इतकेंच नव्हे तर आपलें निशाण लावून गडावर तोफा डागल्या. ज्यानें तराजू धरावयाचा त्यानें तोफेला बत्ती दिली, तर त्याला व्यापारी म्हणून मिळणारें संरक्षण राहत नाहीं. १६६१ सालीं शिवाजीमहाराजांनीं राजापूर घेतलें, वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याचे सोबती यांस कैदेंत टाकलें. तोच इंग्रज पुढें बारा वर्षें नुकसानभरपाई मागत राहिला, आणि व्यापाराच्या सवलतीही मागत राहिला.

हा वाद मिटला तो १६७४ सालीं, ज्या दिवसांत रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच दिवसांत. हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून वीस कलमांचा मसुदा घेऊन गडावर आला होता. राजापूर, दाभोळ, चौल आणि कल्याण येथें वखारी घालण्यास परवानगी मिळाली. जकात शेंकडा अडीच ठरली. भरपाई म्हणून दहा हजार होन कबूल झाले, पण ते रोख नव्हेत. इंग्रजांनीं दरसाल पांच हजार होनांचा माल तीन वर्षें महाराजांकडून घ्यावा आणि अर्धीच किंमत द्यावी. उरलेले अडीच हजार राजापूरच्या जकातींत वळते करून घ्यावे. भरपाई हवी असेल तर व्यापार करा, असाच याचा अर्थ! दोन कलमांस मात्र महाराजांनीं आक्षेप घेतला. इंग्रजी नाणें आपल्या राज्यांत चालावें या मागणीवर त्यांचें म्हणणें असें, कीं कोणत्याही नाण्यास आमची मनाई नाहीं, पण रयतेनें तोटा सोसून तें घ्यावें अशी जबरदस्ती आम्ही करणार नाहीं. फुटून किनाऱ्यास लागलेल्या गलबतावरचा माल परत द्यावा ही दुसरी मागणी. तिच्यावर उत्तर, कीं ही गोष्ट कोंकणच्या वहिवाटीविरुद्ध आहे, आणि तुम्हांस दिली तर फ्रेंच व वलंदेजही मागतील. या दोन उत्तरांत महाराजांचें सारें धोरण दिसतें. परक्याला जागा द्यावयाची, पण नाणें आणि कायदा घरचाच चालेल.

याच विचाराला रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्रांत शब्दरूप दिलें. साहुकार म्हणजे राज्याची शोभा, त्यांस आणावें, सन्मानानें ठेवावें, असें सांगून पंत टोपीकरांपाशीं येतात तेव्हां त्यांचा सूर बदलतो. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागें राज्यकर्ते धनी उभे आहेत, आणि हातीं आलेलें स्थळ हे सोडीत नाहींत. म्हणून यांनीं यावें, व्यापार करावा आणि जावें. जागा देणें प्राप्तच झालें तर ती खाडीच्या तोंडाशीं किंवा समुद्रतीरीं देऊं नये. समुद्रापासून कांहीं कोस आंत, सखल ठिकाणीं द्यावी, आणि पक्क्या इमारती बांधूं देऊं नयेत. येथें पंतांची दृष्टि किती व्यवहारी होती तें पाहावें. ते व्यापाराचा द्वेष करीत नाहींत. टोपीकरांचें बळ आरमार आणि तोफ यांत आहे, म्हणून वखार आरमाराच्या टप्प्याबाहेर असावी, एवढेंच ते सांगतात.

हें लिहून चाळीस वर्षें झालीं आणि १७५६ सालीं पेशव्यांच्याच सहकार्यानें इंग्रजांनीं विजयदुर्गाखालीं तुळाजी आंग्र्यांचें आरमार जाळलें. शहाणपणा लिहून ठेवला म्हणजे तो वापरांत येतोच असें नाहीं.

या कथेची उलटी बाजूही आहे. १८५५ सालीं मुंबईच्या कामा मंडळींनीं लंडन आणि लिव्हरपूल येथें आपली पेढी उघडली. इंग्लंडांतील ती पहिली हिंदी व्यापारी पेढी मानतात. दादाभाई नवरोजी तींत भागीदार म्हणून गेले आणि १८५९ सालीं त्यांनीं स्वतःची पेढी काढली. याच सुमारास, १८४४ ते १८५६ या काळांत, इंग्लंडांत नवे कायदे होऊन राजाच्या सनदेची गरज संपली होती. १८५६ च्या कायद्यान्वयें सात जणांनीं सह्या करून कागद दाखल केले कीं कंपनी उभी राहत असे. कामांच्या पेढीमागें ना आरमार होतें ना कोट. तिथल्या कायद्याखालीं, तिथल्याच बाजारभावानें तिला व्यापार करावा लागला. इकडे येणारी कंपनी स्वतःचा कायदा बरोबर घेऊन आली, आणि इकडून जाणारी पेढी परक्या कायद्यांत वागली. दोन्हीही परदेशांत थाटलेले व्यापारच. पण दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर. हिंदुस्थानचें धन इंग्लंडांत कसें वाहून जातें याचा हिशेब दादाभाईंनीं पुढें १८६७ सालीं लंडनांतच मांडावयास आरंभ केला.

आज परदेशी कंपनीस आपल्या देशांत धंदा मांडावयाचा असेल तर ठराविक मुदतींत निबंधकाकडे कागद दाखल करावे लागतात, आणि त्यांत येथें राहणाऱ्या अशा एका व्यक्तीचें नांव द्यावें लागतें, जिच्यावर नोटीस बजावतां येईल. हें कलम वाचणारास अगदीं रुक्ष वाटेल. आम्हांस मात्र त्यांत अमात्यांच्या सखल जागेचेंच नवें रूप दिसतें. परक्याचें भांडवल यावें, त्याचें कसब यावें. पण तो जेथें बसेल तेथवर आपल्या न्यायाचा हात पोंचला पाहिजे, एवढी एक गोष्ट परवानगी देणारानें कधींही विसरूं नये.