मेंढरांमागचे बिऱ्हाड

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, की आमच्या माणदेशी शाळेच्या हजेरीपटात रिकामी घरे दिसू लागतात. धनगरांची पोरे मेंढरांमागे गेलेली असतात. मी नवा मास्तर असताना अशाच एका पोराचे नाव पटावरून कमी केले होते. मृगाच्या तोंडावर तो परतला आणि मुकाट्याने आपल्या जागेवर जाऊन बसला. जागा होती, नाव नव्हते. तेव्हापासून या माणसांची मी चौकशी करू लागलो.

सातारचे माण-खटाव आणि सांगलीचे आटपाडी-जत हा सारा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाकाठी वीस इंच पाऊस पडला तरी देव पावला म्हणायचे. इथे पिकाचा भरवसा नाही. पण कुसळावर मेंढरू जगते. म्हणून दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादायचे, वर कोंबड्या नि कोवळी कोकरे बांधायची आणि कृष्णाकाठ गाठायचा. काहींनी घाट उतरून कोकणात जायचे. मोकळ्या रानात रात्री मेंढरे बसवली, की शेतकऱ्याला खत मिळते आणि धनगराला धान्य. लोकर कातरून सनगराला द्यायची; तो चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणतो. आज त्या लोकरीला गिऱ्हाईक नाही. जत भागातल्या बाकदार नाकाच्या माडग्याळी मेंढ्याला मात्र हौशी माणूस वाटेल ती किंमत मोजतो!

इंदूरच्या दौलतीचे संस्थापक मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) याच समाजातले. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली, हे वाचकांना सांगायला नकोच.

यांचे देवही चालते. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीच्या बनात बिरोबा आहे. भंडारा उधळला जातो, ढोल घुमतो, रात्रभर ओव्या चालतात. कऱ्हाडजवळच्या पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते. पण धनगराचा जीव बाणाईवर. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. तिच्यासाठी देवाने तिच्या बापाच्या घरी चाकरी केली, मेंढरे राखली. देवाला राबायला लावणारी ही कथा मला फार आवडते. गुंथर सोन्थायमर नावाचे जर्मन पंडित (मृत्यू १९९२) वाड्यांवर हिंडून अशा ओव्या ऐकत. आम्ही जवळचे, आम्हांला उशीर झाला.

आता टेंभू योजनेचे पाणी आटपाडीला आले. चांगलेच झाले. डाळिंबाच्या बागा उठल्या, त्यांना कुंपणे आली. माळ मात्र आखडला.

त्या पोराचा मुलगा आज माझ्या वर्गात आहे. पाडव्याला त्यांच्याकडे लेंड्यांच्या राशीची पूजा असते. मलाही बोलावणे आले आहे. पोराला यंदा आजीपाशी गावातच ठेवा, असे सांगायचे मनात आहे. परवा तसे बोलूनही पाहिले.

“गुरुजी,” त्याचा बाप हसला, “म्हातारी तर आमच्या म्होरं चालती!”