परकें मूत्रपिंड आणि रक्ताची स्मृति

एकाचें मूत्रपिंड दुसऱ्यास जोडण्याची कल्पना जुनी आहे. परंतु ती सिद्धीस नेण्यास शस्त्रकौशल्याइतकेंच रक्ताचें ज्ञानही आवश्यक ठरलें. १९३३ सालीं युक्रेनमधील खेर्सोन येथें वोरोनॉय या शस्त्रवैद्यानें मृताचें मूत्रपिंड एका रुग्णास जोडलें. रक्तगट जुळत नव्हता. रुग्ण दोन दिवसांनीं दगावला.

१९४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाप्रमाणें गिब्सन व मेडावर यांनीं ग्लासगो येथें भाजलेल्या एका स्त्रीस तिच्या भावाची त्वचा लावली. ती टिकली नाहीं. त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हां लावले, ते तर अधिकच लवकर नष्ट झाले. शरीर परक्यास नुसतें ओळखीत नाहीं, तर स्मरणांतही ठेवतें, हें यावरून दिसलें. उलट १९५४ सालीं बॉस्टन येथें डॉ. मरे यांनीं एका भावाचें मूत्रपिंड त्याच्या एकरूप जुळ्या भावास जोडलें, तें टिकलें. कारण तेथें परकेपणच नव्हतें.

हें परकेपण पेशींवरील ज्या खुणांवरून कळतें, त्यांस प्रतिजन म्हणतात. १९५८ सालीं पॅरिसचे दोसे यांनीं पांढऱ्या पेशींवरील अशी पहिली खूण वर्णिली. त्याच वर्षीं असेंही आढळलें कीं, अपत्यवती स्त्रियांच्या रक्तांत अशा खुणांविरुद्ध प्रतिद्रव्यें, म्हणजे अँटिबॉडी, असूं शकतात. गर्भाच्या निम्म्या खुणा पित्याच्या असतात, त्यांचीच ही स्मृति! म्हणूनच पतीनें प्रेमानें देऊं केलेलें मूत्रपिंड कधीं कधीं पत्नीलाच घातक ठरतें. पूर्वीं घेतलेलें रक्त किंवा पूर्वींचें प्रत्यारोपण यांनींही असेंच घडूं शकतें.

यावर उपाय म्हणून दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवांत मिसळून पाहण्याची चांचणी आली. कॅलिफोर्नियांतील पटेल व तेरासाकी यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेले आंकडे बोलके आहेत. चांचणींत विरोध दिसलेल्या ३० रुग्णांपैकीं २४ जणांचें मूत्रपिंड तत्काळ निकामी झालें. विरोध न दिसलेल्या १९५ पैकीं केवळ ८ जणांचें. तेव्हांपासून ही चांचणी शस्त्रक्रियेपूर्वीं अनिवार्य मानली जाऊं लागली.

चांचणी प्रतिकूल आली म्हणजे आप्तांची माया उणी पडली, असें कोणी मानूं नये. आपल्या देशांत २०११ च्या कायदादुरुस्तीनें अशा दोन कुटुंबांस दात्यांची अदलाबदल करण्याची वाट मोकळी केली आहे. मात्र रुग्ण भगिनींनीं आपलीं बाळंतपणें, गर्भपात व घेतलेलें रक्त यांची हकीकत वैद्यांस अवश्य सांगावी. आपण विसरलों, तरी रक्त विसरलेलें नसतें.