बलून पाहणारे व्हेनिस : ग्वार्दीचे १७८४ मधील चित्र

व्हेनिसचा चित्रकार फ्रान्चेस्को ग्वार्दी (१७१२–१७९३) याने १७८४ साली, सत्तरी ओलांडल्यावर, काढलेले हे तैलचित्र आज बर्लिनच्या गेमेल्डेगॅलरी या संग्रहालयात आहे. आकाराने ते लहानच आहे : उंची सुमारे ६६ सेंटिमीटर, रुंदी ५१.

पार्श्वभूमी

हवा तापली की ती प्रसरण पावते आणि हलकी होते, या साध्या तत्त्वावर फ्रान्समधील जोसेफ आणि एतिएन माँगोल्फिए या भावांनी बलून उडवला. त्यांच्या घराण्याचा धंदा कागद बनवण्याचा होता. पहिला जाहीर प्रयोग ४ जून १७८३ रोजी अनोने या गावी झाला. १९ सप्टेंबरला व्हर्साय येथे मेंढी, बदक आणि कोंबडा यांना बलूनमधून वर पाठवले गेले, तर २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघे सुमारे २५ मिनिटे हवेत राहिले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १७८४ रोजी, व्हेनिसच्या आकाशातही बलून दिसला.

चित्रात काय आहे?

समोर जकातघराचा खांबांचा मंडप आहे. त्याच्या सावलीत माणसांची दाटी झाली आहे. पलीकडे उजळ पाणी आणि नावा दिसतात, आणि त्यावर मोकळ्या आकाशात तरंगणारा छोटासा बलून. बहुतेक माणसे आपल्याकडे पाठ करून उभी आहेत. जत्रेत मागच्या रांगेतून पुढच्यांच्या खांद्यांवरून पाहावे, तसे आपणही त्यांच्यामागे उभे राहतो.

वेगळेपण

त्याच वर्षी स्पेनमधील अरान्हुएस येथे बलून उडाला. आन्तोनियो कार्निसेरोने काढलेले त्याचे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. ते जवळजवळ तीन मीटर रुंद असून त्यात सजूनधजून आलेले लोक ठळक दिसतात. तिथे कोण आले होते, हे पाहता येते. ग्वार्दीने मात्र चेहरे जवळजवळ टाळले आहेत. सरदार कोण आणि नावाडी कोण, हा भेद त्या सावलीत पुसट होतो; उरते ती फक्त एकाच दिशेला लागलेली नजर.

ग्वार्दीने व्हेनिसचे कालवे, वाडे आणि उत्सव रंगवले. हे शहर तेव्हा स्वतंत्र प्रजासत्ताक होते, पण त्याचे वैभव ओसरत चालले होते. पुढे १३ वर्षांनी, १७९७ मध्ये, नेपोलियनच्या सैन्यापुढे ते संपुष्टात आले. ते पाहायला ग्वार्दी हयात नव्हता, आणि मंडपात उभ्या असलेल्या लोकांना १७८४ साली याची कल्पना असणे शक्य नव्हते. त्या दिवशी त्यांच्यासमोर होती फक्त एक नवी गोष्ट, आणि ती पाहायला सारे एकत्र आले होते. चित्र पाहताना आधी बलून शोधावा आणि मग पुन्हा या माणसांकडे यावे. चित्रकाराने जास्त जागा त्यांनाच दिली आहे.